चारही चाकांचा जोर

रूपराव जीपखाली शिरला तो बाहेर यायचं नावच घेईना. वरून दिसत होते ते फक्त त्याचे धुळकट पाय. घरून आणलेल्या पान्यानं तो चासीचा एकेक भाग ठोकून पाहत होता. कुठं लोखंड खणखणीत वाजे, कुठं जरा बद्द, आणि बद्द वाजलं की तिथं तो पुन्हा तीनदा ठोकायचा.

जीपचा मालक चंद्रभान सेलूतल्या आपल्या गोडाऊनसमोर खुर्ची टाकून सुपारी कातरत बसला होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "भाऊ, गाडी पाह्याले आले का पोरगी? सोयरीक करताना बी लोक इतकं ठोकून पाहत नाईत."

रूपरावचा धाकटा भाऊ हेमराज मोठ्यानं हसला. बहीण गुलाब हसली नाही. ती आईच्या जागी आली होती, आणि आईच्या जागी आलेल्या माणसानं अशा वेळी हसावं की हसू नये, हे तिला ठरवता येईना.

सकाळी निघताना आईनं, सीताबाईनं, तिला खाटेजवळ बोलावून घेतलं होतं. "हे दोघं इंजन पाहतीन, टायर पाहतीन, भाव पाडतीन. तू माह्या जागेवर बसून पाह्य. मले तूच सांगजो. तू म्हणशीन 'घ्या' त घ्या, 'नको' त नको." दोन्ही भावांनी ते ऐकलं होतं. वर्ध्यापासून सेलूपर्यंत हेमराज बहिणीशी इतका गोड बोलत होता की गुलाबला त्याच्याकडे पाहायचीच चोरी झाली.

ताकसांड्यांच्या घरात आजवर कोणी चारचाकी घेतली नव्हती. बापानं, पुंडलिकरावांनी, हयातभर सायकल दामटली, रूपरावनं दुसऱ्यांचे ट्रॅक्टर हाकले, आणि हेमराज नोकरीत तालुका, मग जिल्हा करत करत सिंदी मेघेच्या फ्लॅटपर्यंत पोचला तोही मोटरसायकलवरून. गाडीची हौस प्रत्येकाला कधी ना कधी आली आणि जिरली. आता गाडी घ्यायची वेळ आली ती हौसेपायी नव्हे. सीताबाईची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून तीनदा वर्ध्याच्या दवाखान्यात मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागे. उन्हाळा-हिवाळ्यात रोहण्याचा ऑटोवाला थेट वावरातल्या घरापर्यंत यायचा. पावसाळ्यात तो डांबरी सोडत नसे, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. डांबरीपासून घरापर्यंतची पांदण म्हणजे निव्वळ काळी माती. दोन सरी पडल्या की बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुतायचं. आणि पांदणीच्या मध्ये नाला, त्यावर पाइप टाकून केलेला बुटका रपटा.

घर नाल्यापलीकडे बांधायचा हट्ट पुंडलिकरावांचा. गावाच्या कडेला, गावानं ठरवून दिलेल्या जागेत राहायचं नाही, आपल्या मालकीच्या वावरात, आपल्या धुऱ्यावर, आपल्या बांधावर राहायचं, हे त्यांनी दीक्षा घेतलेल्या बापाकडून ऐकलं होतं आणि करून दाखवलं होतं. ते गेले. घर राहिलं, नाला राहिला, आणि नाल्यापलीकडे त्यांची बायको.

रूपराव एकदाचा बाहेर आला. डोक्यावरची धूळ झटकत म्हणाला, "चासी चांगली आहे. मागं एका जागी वेल्डिंग केलेलं आहे, पण मजबूत आहे. तेल गळत नाई. आता मले गारा पाह्यजे."

"काय पाह्यजे?" चंद्रभाननं अडकित्ता थांबवला.

"गारा. चिखल. कोरड्यात त कोणतीबी गाडी पळते."

"मे महिना चालू आहे भाऊ. गारा काय दुकानात भेटते?"

"तुमच्या वावरात मोटर आहे न?"

चंद्रभान त्याच्याकडे पाहत राहिला आणि मग पोट धरून हसला. पण माणूस दिलदार होता. गोडाऊनच्या मागंच त्याचं नांगरून ठेवलेलं वावर होतं. त्यानं मोटर चालू केली, पाइप फिरवला आणि नांगरटीच्या एका तुकड्यात पाणी सोडलं. तापलेल्या मातीनं आधी ते गटागट पिऊन टाकलं. सगळ्यांचा चहा झाला, पान झालं, हेमराजचं फोनवर ऑफिसशी भांडण झालं, तेव्हा कुठं माती फुगली, चकाकायला लागली आणि बूट आत ओढून घ्यायला लागली. रूपराव आत पाय टाकून उभा राहिला. नडगीपर्यंत चिखल आल्यावर म्हणाला, "हां. हे आमची पांदण."

याआधी त्यांनी आर्वीत एक छोटी कार पाहिली होती. चकचकीत, थंडगार, आत अत्तराचा वास. हेमराजला ती आवडली होती. रूपरावनं खाली वाकून पाहिलं, जमिनीपासून पोटापर्यंत हात धरला आणि म्हणाला, हे आपल्या पांदणीत पोटावर बसीन. त्या दिवसापासून चारही चाकांना जोर असलेली, उंच, जुनी पण धडकी गाडीच घ्यायची, हे ठरलं. दिसायला कशीही असो. ही जीप तर दिसायला फारच कशीही होती. रंग उडालेला, मागं समोरासमोर दोन लांब बाकं, पत्र्याला जागोजागी पोचे. चंद्रभाननं तिच्यातून दहा वर्षं संत्री वाहिली होती.

रूपराव चालवायला बसला. गुलाबला त्यानं शेजारी, आईच्या जागी बसवलं. चढताना गुलाबला दारातली दांडी धरून एक उसळी घ्यावी लागली, पण तिचं मन त्या वेळी चिखलाकडे होतं. पहिल्यांदा साध्या दोन चाकांवर गाडी आत गेली. मागची चाकं जागच्या जागी फिरली, चिखल उडवून खाली बसली. रूपरावनं इंजिन बंद केलं नाही. मोठ्या गिअरच्या बाजूचा छोटा दांडा त्यानं खाली रेटला, क्लच हलकेच सोडला, आणि पुढच्या चाकांनी माती धरली. ती धरलेली गुलाबला बसल्या जागी कळली. कण्हत, डुलत, एकदाही न घसरता जीप वर आली आणि कोरड्या धुऱ्यावर उभी राहिली.

हेमराजनं टाळ्या वाजवल्या. रूपराव दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर पाहत होता, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते गुलाबनं बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून त्याचा जन्म गेला होता. तिला त्याची फार माया आली.

खाली उतरून तिनं चंद्रभानला विचारलं. विचारणं भागच होतं. "भाऊजी, अन् नाल्याले पूर असला त?"

चंद्रभाननं सुपारी कातरायची थांबवली. "पूर अन् गारा वेगळा, बाई. गाऱ्यात चाकाले धरायले खाली जमीन असते. पुरात गाडी उचलते. मंग दोन चाकं फिरवा का चार फिरवा, ते पाण्यासंगं जाते. रपट्यावरून गुडघ्याच्या वर पाणी वाहून राह्यलं असन त गाडी टाकू नका. मले विकाची आहे म्हणून मी खोटं सांगत नाई. माह्या साळ्याचं पोरगं असंच गेलं."

मोटरीचं उरलेलं पाणी सरीतून वाहत होतं.

"पूर काय रोज येते?" हेमराज म्हणाला. "चार महिन्यांत चारदा. सकाळी आला त दुपारी उतरते."

रूपरावनं फडक्यानं हात पुसले. मागच्या वर्षी रपट्यावरचं पाणी एकदा चढलं ते तीन दिवस उतरलं नव्हतं. अलीकडच्या तीरावर दूधवाला आणि पलीकडच्यावर तो, दोघंही हात हलवून परत गेले होते. हे रूपरावइतकं कोणाला माहीत असणार? त्यानं हात पुसून झाले तरी पुन्हा पुसले.

निघताना चंद्रभानची बायको लगबगीनं लिंबं आणि नारळ घेऊन आली. चाकाखाली लिंबू ठेवल्याशिवाय गाडी हलवायची नाही म्हणाली. रूपरावनं हात जोडले. "आमच्यात नसते हे, वहिनी."

ती लिंबं हातात धरून अवघडून उभी राहिली. "मंग आता याचं काय करू?"

"सरबत कर," चंद्रभान म्हणाला. "आज घेऊन जा भाऊ. मायले दाखवा, बसवून पाहा. पसंत पडली त व्यवहार, नाई पडली त गाडी आणून द्या."

सिंदी मेघेला रोशनीला, हेमराजच्या बायकोला, घेतलं. ती नुकतीच बँकेतून आली होती. तिनं जीपकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मागच्या बाकावर गुलाबच्या समोर येऊन बसली. दोघींचे गुडघे एकमेकींना लागत होते. पुलगावपर्यंतचा रस्ता तिनं खिडकीबाहेर पाहत काढला. मग एकदम म्हणाली, "ताई, मी वाईट नाही हो."

"मी कधी म्हटलं?"

"तुम्ही म्हणत नाही, पण पाहता." इंजिनचा आवाज इतका होता की पुढच्या दोघांना काही ऐकू जात नव्हतं. "दोन खोल्या. आकांक्षाची परीक्षा. सकाळी आईंना तयार करायचं, दवाखान्यात सोडायचं, मग बँक. रात्री त्यांना झोप नाही, त्यांना नाही म्हणून आम्हाला नाही. मागच्या पावसाळ्यातले चार महिने मी कसे काढले माझं मला माहीत. यंदा मला जमणार नाही. मी यांना सांगून टाकलं."

गुलाबनं मान हलवली. मागच्या पावसाळ्यात ती सासूला पाहायला गेलेल्या सुनेसारखी, पिशवीत लिंबं-मेथी घेऊन, आपल्याच आईला पाहायला गेली होती. गॅलरीला हिरवी जाळी लावून तिथं सीताबाईची खाट टाकली होती. माय खोकला आला की तोंडात पदर कोंबत होती. का, तर आत नात अभ्यास करते. माय तक्रार करत नव्हती, हीच गोष्ट गुलाबला सोसली नव्हती. दवाखाना मात्र दहा मिनिटांवर होता आणि चार महिन्यांत एकही पाळी चुकली नव्हती. हेही तितकंच खरं होतं.

"ही गाडी जाईल ना त्या नाल्यातून?" रोशनीनं विचारलं. तिच्या आवाजात इतकी आशा होती की गुलाबला उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

"गाऱ्यातून गेली," ती म्हणाली.

रोशनीला तेवढं पुरलं. तिनं डोळे मिटून मान मागं टेकवली.

रोहणा मागं पडलं. जीप डांबरीवरून पांदणीत उतरली, हाडं खुळखुळवत नाल्याशी आली. नाला पार सुकला होता. गोटे, वाळू, कपडे धुवायचे दगड, आणि रपट्याच्या पाइपात अडकलेलं मागच्या पुराचं काडीकचऱ्याचं वेटोळं. एक हिसका बसला आणि गाडी पलीकडे गेली.

"पाह्य, समजलं बी नाई," हेमराज पुढून ओरडला.

सीताबाई निंबाखाली बाजेवर बसून होती. तिनं केस विंचरले होते, जायचं-यायचं लुगडं नेसली होती. रूपरावची बायको अंजू हातातलं सूप टाकून पुढं आली, जीपभोवती फिरली, मागची बाकं पाहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "याच्यात कापसाचे बोरे मस्त येतीन." रूपरावनं डोळे वटारले. ती म्हणाली, "काऊन? दवाखान्याचा दिवस सोडून म्हणतो मी."

सगळे हसले. सीताबाईही हसली. गुलाबच्या हाताला धरून ती उठली, चार पावलं चालून जीपपाशी आली आणि गरम पत्र्यावरून तिनं हात फिरवला. पुंडलिकराव बैल घेताना असाच पाठीवरून हात फिरवायचे.

"उंच आहे व," ती म्हणाली.

"उंच आहे म्हणून त घेतली माय," रूपराव म्हणाला. "खाली लागली नाई पाह्यजे न. बसून पाह्य."

तिनं उजवा पाय उचलला. पाय सुजलेला होता, कालच्यापेक्षा आज जास्त. तो वितभर वर आला आणि थांबला. तिनं खाली ठेवला, दम घेतला, पुन्हा उचलला. जीपची कड अजून हातभर वर होती. इंजिन पाहून झालं होतं, चासी ठोकून झाली होती, भर उन्हाळ्यात चिखल करून झाला होता. जिच्यासाठी गाडी, तिचा पाय तिथवर पोचतो का, एवढंच पाहायचं राहिलं होतं, आणि नेमकं तेवढंच पाहायला गुलाबला धाडलं होतं. सेलूला आपण घेतलेली उसळी तिला आता आठवली.

"थांब, मी धरतो," म्हणत हेमराज पुढं झाला आणि त्यानं आईचा डावा हात कोपरापाशी पकडून वर ओढला.

"हात सोड!" गुलाब किंचाळली. "डावा हात सोड, हेमराज! सोड!"

त्यानं चटका बसल्यासारखा सोडला. सीताबाई कलली, गुलाबनं तिला छातीशी धरलं. डाव्या हातात डॉक्टरांनी दोन शिरा जोडून दिल्या होत्या, मशीनच्या सुया तिथंच टोचायच्या. त्या हातावर भार द्यायचा नाही, बांगडी घालायची नाही, त्यावर झोपायचंसुद्धा नाही. त्या जागी बोट ठेवलं की आत रक्ताची थरथर लागे. रोज सकाळी उठल्याबरोबर गुलाब बोट ठेवून पाही. थरथर आहे म्हणजे माय आहे. आता तिथं तिनं बोट ठेवलं. होती.

"चार महिने तुह्या घरी होती ते," गुलाब म्हणाली.

"सोड व, ध्यानात नाई राह्यलं त्याच्या," सीताबाई म्हणाली.

सीताबाई जीपला टेकून उभी होती आणि धाकट्या लेकाकडे पाहत होती. रागानं नाही. नुसती पाहत होती. ती कशाची वाट पाहते आहे हे गुलाबला कळलं, आणि तिची खात्री होती की अंगणातल्या प्रत्येकाला कळलं होतं. एकच वाक्य होतं ते. राहू दे माय, यंदाही आमच्याकडेच चल. तेवढं म्हणायचं होतं. मनापासून नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं, सीताबाई कदाचित नको म्हणाली असती. रोशनी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. अंजूनं सूप उचललं. रूपराव टायरकडे पाहू लागला.

हेमराजनं आईकडे पाहिलं, मग जीपच्या कडेकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे हो! पायरी लावून घेऊ न! पुलगावले वेल्डिंगवाला आहे माह्या ओळखीचा. एक लोखंडी पायरी, एक धरायले दांडी. खतम काम."

"बराबर," रूपराव म्हणाला. "दोन पायऱ्या लावल्या त अजून बरं."

"गादी पण करून घेऊ सीटला," रोशनी म्हणाली. "मी देते करून. चांगली जाड."

सगळे एकदम बोलायला लागले. पायरी केवढी, पत्रा कोणता, गादीला रेक्झिन की कापड. इतका वेळ कोंडलेला श्वास सगळ्यांनी मिळून सोडला होता. आठवड्यातून तीन दिवस पहाटे रूपराव गाडी काढणार, गुलाब सोबत जाणार, डिझेल हेमराजकडं, भर पावसाळ्यातही एक पाळी चुकायची नाही, असं हेमराज बोटांवर मोजत सांगत होता. "हे जीप कोठूनही जाते माय. आम्ही डोळ्यानं पाह्यलं. काय दादा?"

"गाऱ्यातून गेली," रूपराव म्हणाला. त्यानं मान वर केली नाही.

"हो, पायरी लावली का झालं," सीताबाई म्हणाली. "मले आत ने व गुलाब. उन्हानं चक्कर येऊन राह्यली."

आतल्या खोलीत बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली पुंडलिकरावांचा फोटो होता. गुलाबनं आईला खाटेवर टेकवलं, डॉक्टरांनी मोजून दिलेल्या तिच्या वाटणीच्या पाण्यातलं घोटभर पाणी दिलं. सीताबाईनं ते लगेच गिळलं नाही, तोंडात धरून ठेवलं. मग हळूच म्हणाली, "बस."

गुलाब बसली. सवयीनं तिचं बोट आईच्या डाव्या हातावर गेलं.

"सांग आता. पूर असला त जाते का ते गाडी?"

गुलाबच्या मनात सगळं एकदम आलं. नाही म्हणावं. नाही म्हटलं की गाडी परत जाईल, माय सिंदी मेघेला जाईल, जाळीच्या गॅलरीत तोंडात पदर कोंबून जगेल, पण जगेल. आणि आपण? मागच्या पावसाळ्यात माय गेल्यावर आठव्या-दहाव्या दिवशी अंजूनं भाकरी थापता थापता म्हटलं होतं, "ताई, आई तथी, मंग तुम्ही अथी कोणासाठी?" रागानं म्हटलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा गुलाब माहेरी परत आली होती, त्याला एवढी वर्षं झाली तरी या घरात तिची म्हणून एकच जागा होती, मायच्या खाटेशेजारची. ती खाट हलली की तिची जागा गेली. त्या चार महिन्यांत तिनं घरातलं सगळं काम ओढलं होतं, आणि तरी प्रत्येक घास खाली मान घालून खाल्ला होता.

मग तिला चंद्रभान आठवला. विकायला बसलेला परका माणूस, त्याला खोटं बोलवलं नव्हतं.

बोटाखाली थरथर चालूच होती.

"जाते माय," गुलाब म्हणाली.

सीताबाईनं डोळे मिटले. गुलाबला सगळ्यात आधी हायसं वाटलं. लाज त्याच्या मागून आली, पण आली तेव्हा उशीर झाला होता.

मग सीताबाई बोलायला लागली. "तुह्या बाबाची जोडी गेली त्या रपट्यावरून, तवा तू माह्या पोटात होती. मी अलीकडं धुऱ्यावर उभी होती. गुडघ्यावर थोडंसं पाणी होतं. थोडंसंच. दोन्ही बैल पोहणारे होते व. आठ पाय होते त्याईले." तिनं डोळे उघडले आणि लेकीकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता आणि तो असता तर गुलाबला बरं वाटलं असतं. "बरं सांगतलं तुनं."

"माय, मी..."

"मले अथीच राह्यचं आहे. तथी गॅलरीत नाई मराचं." ती थांबली, दम घेऊन म्हणाली, "पेटीतली माही पांढरी साडी वरतं काढून ठेवजो. धुवून, घडी करून. पुरात कोणी कोठून आणीन?"

पांढरी साडी सीताबाई बुद्धपौर्णिमेला नेसायची. पुंडलिकरावांना शेवटचं नेलं तेव्हाही नेसली होती. गुलाबनं तिचे पाय धरले, सुजलेल्या घोट्यांत तिची बोटं रुतली आणि काढली तरी त्यांचे खळगे तसेच राहिले. तिला ओरडून सांगायचं होतं की मी खोटं बोलले, चल, आत्ताच्या आत्ता उठ, वर्ध्याला मीही येते, गॅलरीत तुझ्या खाटेखाली झोपते. पण कोण राहू देणार होतं तिला तिथं?

"जाय," सीताबाई म्हणाली. "सांग त्याईले. वाट पाहून राह्यले."

गुलाब दारात आली. बाहेर हेमराज वाकून जीपच्या कडेखाली विती मोजत होता. रूपराव बॉनेट उघडून उगाच आत पाहत होता. रोशनी आणि अंजू बाजेवर शेजारी शेजारी बसल्या होत्या, कित्येक वर्षांत बसल्या नव्हत्या तशा. गुलाबची चाहूल लागताच चौघांनीही मान वर केली.

"काय म्हणते माय?" रूपरावनं विचारलं. त्याचा आवाज चोरटा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की तो मनातल्या मनात विनवतो आहे, फक्त काय विनवतो आहे ते तिला सांगता आलं नसतं. खरं सांगून टाक, असंही असेल. त्याला स्वतःला जमलं नव्हतं ते.

अजूनही सांगता आलं असतं. दारातून अंगणापर्यंत शब्द जायला कितीसा वेळ लागतो.

"घ्या म्हणते," गुलाब म्हणाली. "अन् हेमराज, दांडी मागच्या अंगानं लाव. उजव्या हातात आली पाह्यजे तिच्या."

"हो हो, बराबर," हेमराज घाईघाईनं म्हणाला. रूपरावनं बॉनेट लावलं. अंजू बाजेवरून उठली, पदर खोचला आणि गुलाबला बसायला जागा करून दिली.

"बसा न ताई," ती म्हणाली. "सकाळपासून हिंडून राह्यल्या. चहा मी मांडते."

या घरात तिला बसा म्हणून कोणी म्हटल्याचं गुलाबला आठवत नव्हतं. ती बसली.